शस्त्राची भाषा आणि परवान्याचा कागद

दलितांना स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत काय, या विषयावर मी पुण्यात ताडीवाला रस्त्यावरील आमच्या अभ्यासवर्गात एक टिपण वाचले. टिपण तावातावाने लिहिले होते आणि वाचलेही तसेच. परवाने मिळालेच पाहिजेत असे माझे प्रतिपादन होते आणि बैठक ते उचलून धरील अशी अपेक्षा होती. टाळ्या दोन-तीन तरुणांनी वाजवल्या. बाकीचे गप्प राहिले आणि मग एकेक शंका येऊ लागली. शंका घेणारे सगळे आपलेच होते, प्रस्थापितांचा हस्तक त्यांत कोणी नव्हता. त्या दिवशी मी त्यांना जी उत्तरे दिली ती आज मलाच पोकळ वाटतात. म्हणून हा लेख. यात मी माझ्याच टिपणाची, आणि ते ज्या भाषेत लिहिले गेले त्या भाषेची, चिकित्सा करणार आहे.

पहिली शंका एका निवृत्त शिक्षिकेची होती. त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. बाई म्हणाल्या, "सर, घरात बंदूक आली की ती पहिल्यांदा कोणावर रोखली जाते, ते तुमच्या टिपणात कुठे आले नाही. मी वस्तीत जन्म काढला आहे. दारू पिऊन आलेल्या माणसाच्या हाताला लाटणे लागले तरी काय होते, ते मला विचारा." दुसरा बोलला तो इंदापूरकडचा कार्यकर्ता. त्याने हिशेबच मांडला. बंदुकीची किंमत किती, काडतुसांची किती, परवान्यासाठी हेलपाटे घालताना किती दिवसांची मजुरी बुडेल? "रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवायला आपल्या माणसाला वर्ष लागते, आणि तुम्ही त्याला बंदूक देता!" तिसऱ्या एका तरुणाने एवढेच विचारले, की पंचशील म्हणणाऱ्या तोंडाने ही मागणी कशी करायची?

मी काय केले? मी कवितेत बोललो. शतकांचा अन्याय, पेटलेले मन, आता आमच्या हाती शस्त्र, वगैरे वगैरे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे आम्ही वाचले आहे, सर."

बाईंचा हा टोला मला नीट बसला. 'शस्त्र' या शब्दाचे आपल्या साहित्यात काय झाले आहे, हे त्यामुळे मी पुन्हा तपासू लागलो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला आणि त्यानंतरच्या दलित कवितेत शस्त्रांची रेलचेल झाली. मूळ कवीच्या ठिकाणी ती भाषा त्याच्या जगण्यातून उसळून आलेली होती. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती तिचा साचा झाला. मी स्वतः महाविद्यालयाच्या वार्षिकांकात स्टेनगनवर कविता लिहिली आहे, आणि तोवर मी स्टेनगन पाहिलेली नव्हती. प्रतिमेतली बंदूक फुकट मिळते. तिला परवाना लागत नाही, ती कुलपात ठेवावी लागत नाही, ती घरातल्या बाईवर कधी रोखली जात नाही. त्यामुळे खऱ्या बंदुकीविषयी बोलायची वेळ आली की आपल्यापाशी शब्दच उरत नाहीत.

आपल्या मोठ्या लेखकांनी मात्र शस्त्राविषयी असे भाबडे लिहिलेले नाही. अण्णाभाऊ साठ्यांचा 'फकिरा' (१९५९) आपण बंडाची कादंबरी म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण तिचा शेवट आपण भाषणात सांगत नाही. हा तलवारबहाद्दर शेवटी आपली माणसे सोडवण्यासाठी स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन होतो. शस्त्र एकाच्या हाती असते आणि ओलीस सगळी वस्ती असते, हे अण्णाभाऊंना पुरते ठाऊक होते. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत मारहाण सुरू झाल्यावर धावून येतो तो काशिनाथ. वाचवतो तो जवळचा माणूस. आणि शंकरराव खरातांचा तराळ? त्याच्या हाती काठी आहे. गावाचा पहारा, सरकारी टपाल, बेवारशी प्रेताची राखण, सगळे त्या काठीच्या भरवशावर. ज्याने सगळ्या गावाचे रक्षण करायचे त्याला स्वतःच्या रक्षणाचे साधन असता कामा नये, ही गावगाड्याची योजना होती. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. काठी गेली तशी तिच्याबरोबरची हक्काची जागाही गेली, आणि वस्ती होती तिथेच, गावाबाहेर राहिली.

आता बाबासाहेबांकडे येतो, कारण माझ्या टिपणाचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा होता. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या न झालेल्या भाषणात त्यांनी विचारले आहे, की या देशातल्या शूद्रातिशूद्रांनी बंड का केले नाही? त्यांचे उत्तर असे, की चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्रच धरू दिले नाही. मी टिपणात एवढेच घेतले आणि पुढे निघालो. पण त्याच ठिकाणी बाबासाहेब युरोपातल्या दुबळ्यांची तीन शस्त्रे सांगतात. सैन्यात शिरण्याची मोकळीक हे शारीरिक शस्त्र, मताधिकार हे राजकीय आणि शिक्षण हे नैतिक. पहिल्या शस्त्राची त्यांची व्याख्या नीट पाहा. घराच्या आढ्याला टांगलेली बंदूक त्यांना अभिप्रेत नाही. त्यांना सैन्यातली जागा अभिप्रेत आहे.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावाचा आधार त्यांच्यापाशी होता. दुरुस्तीला विरोध केला तो बाबासाहेबांनी. प्रत्येकाने उठावे, बाजारात जावे आणि हवी ती हत्यारे घ्यावीत, अशा मोकाट हक्काने राज्यकारभार चालणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. माझ्या टिपणात १९३६ होते, १९४८ नव्हते. ते मी लबाडीने गाळले असे नाही. मला दोन्हींचा मेळ घालता येत नव्हता, एवढेच. आता वाटते, विसंगती मुळात नव्हतीच. दोन्ही ठिकाणी बाबासाहेब सार्वजनिक शस्त्राविषयी बोलत आहेत. राज्याच्या हातातले जे शस्त्र आहे त्यात आमचा हात असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

पुण्याला तर हा आग्रह नवा नाही. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीपत्र काढले. पुढे याच शहरातून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्यातली मागणी सैन्यात आणि पोलिसात जागा मिळाव्यात ही होती. बाबासाहेबांनी १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर असताना तोच धागा पुढे नेला आणि त्याच वर्षी बेळगावला महार पलटण उभी राहिली. म्हणजे अर्ध्या शतकाच्या अर्जविनंत्यांत आपल्या माणसांनी बंदूक मागितली ती गणवेशासह. भीमा-कोरेगावच्या ज्या स्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी अभिवादन केले आणि जिथे आज लाखो लोक जातात, तोही गणवेशातल्या सैनिकांचाच स्तंभ आहे. त्या शौर्यानंतर शंभर वर्षांच्या आत त्याच सरकारने त्याच जातीला दार लावून घेतले, हे मात्र आपण स्तंभापुढे उभे राहून फारसे आठवत नाही.

लहुजी वस्तादांचा दाखला कोणी देईल. देणे योग्यच आहे. त्यांच्या पुण्यातल्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले, आणि फुल्यांच्या शाळांवर सनातनी चवताळून उठले तेव्हा लहुजी पाठीशी उभे राहिले. पण लहुजींचे बळ तालमीत होते. दहा माणसे एकत्र येऊन शिकतात, गुरूला मानतात, कोणावर हात उचलायचा आणि कोणावर नाही हे शिकतात. ज्याचा त्याचा परवाना आणि ज्याची त्याची बंदूक यांत ही तालीम कुठे आहे? तालीम नसलेले हत्यार काय करते ते पुण्याला सांगायला नको. २०२२-२३ साली वर्तमानपत्रांनी 'कोयता गँग' हा शब्द रूढ केला. ऊसतोडणीच्या फडातले अवजार वस्तीतल्या पोरांच्या हाती आले आणि त्याचे पहिले वार वस्तीतल्याच दुसऱ्या पोरांवर झाले. त्या बैठकीला आलेल्या आयाबाया या अनुभवातून बोलत होत्या. मी त्यांना भित्र्या समजलो, ही माझी चूक.

इतके कबूल केल्यावर मागणीच सोडून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. त्याचे कारण एक कागद आहे, आणि टीकाकाराने कविता जितक्या बारकाईने वाचावी तितक्याच बारकाईने तो वाचण्यासारखा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याखालचे नियम १९९५ चे. त्यांतला तिसरा नियम अत्याचार होण्याआधी राज्य सरकारने काय करायचे ते सांगतो. आपल्या भाषणांत त्यातले एकच कलम येते, पाचवे. व्यक्तीच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. शंका घेणारे अनेकजण मुळात हे कलम आहे हेच मानत नाहीत. बैठकीतही दोघांनी मला पुस्तक दाखवा म्हटले. कलम आहे.

पण पाचव्याच्या आधी तिसरे आणि चौथे येते. अत्याचाराची भीती असलेले क्षेत्र आधी ठरवायचे. मग तिथे, आवश्यक वाटल्यास, दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे आणि ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. आणि परवाने कोणाकोणाचे? त्यांचे स्वतःचे, जवळच्या नातलगांचे, नोकरांचे आणि घरोब्यातल्या मित्रांचेही! हे वाक्य ज्याने लिहिले त्याला गाव कळत होते. पाटलाची बंदूक सालगड्याच्या नावावर असू शकते, हे दिल्लीत बसून कोणाला तरी सुचले होते. चौथे कलम बेकायदा शस्त्रे जप्त करण्याचे. त्यात 'आवश्यक वाटल्यास' हे शब्द नाहीत. तिसऱ्यात आणि पाचव्यात आहेत. आवश्यक कोणाला वाटायचे? राज्य सरकारला. ज्याच्या दाराशी रात्री माणसे येऊन उभी राहतात त्याला काय वाटते, याची नोंद या नियमात नाही.

म्हणजे कायद्याने दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. गावात बंदुका आधीच आहेत, आणि त्या एकाच बाजूला आहेत. शंका घेणाऱ्यांशी माझे बोलणे फसले ते इथे. मी 'आपल्याला बंदूक हवी' इथून सुरुवात केली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक बिनशस्त्र, शांत गाव उभे राहिले आणि त्यात बंदूक घेऊन शिरणारा मी. असे गाव मुळात नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. पीक कोणाचे? ज्याची जमीन त्याचे. भूमिहीनाला राखायला पीक नाही, म्हणून बंदूकही नाही. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असेही म्हटले आहे. किती मजुरांना हे ठाऊक आहे? आणि २०१६ च्या नियमांनी सुरक्षित साठवणीची आणि प्रशिक्षणाची अट घातली आहे. ती अट योग्यच आहे. पण पत्र्याच्या खोलीत कुलपाचे कपाट कुठे ठेवायचे?

बैठकीत शेवटी बोलला तो बीडकडचा एक विद्यार्थी. त्याच्या वडिलांच्या नावावर गायरानाचा तुकडा आहे. शेजारच्या बांधावर परवान्याची बंदूक आहे, रानडुकरांसाठी. तो म्हणाला, "सर, ती बंदूक आमच्यावर कधी कुणी झाडली नाही. बांधाचं भांडण निघालं की मालक ती ओट्यावर घेऊन पुसत बसतो. आई म्हणते, जाऊ द्या, दोन तास सोडा. आम्ही दोन तास सोडतो." बैठकीत कोणी काही बोलले नाही. पंचशीलाचा प्रश्न विचारणारा तरुणही खाली पाहत होता.

त्याच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आता देतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि अहिंसा ही आंधळी आज्ञा नव्हे, विवेकाने पाळायचे तत्त्व आहे, असे म्हटले आहे. तेव्हा धम्म या मागणीच्या आड येत नाही. पण गरज आहे की नाही हे तपासण्याचे ओझे तो आपल्यावर टाकतो, आणि ते ओझे मी टिपणात उचलले नव्हते. अहिंसेचा दाखला देणाऱ्या गांधीवादी मित्रांना मात्र वेगळे सांगावेसे वाटते. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र केले, ही गोष्ट खुद्द गांधीजींनी त्या राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत धरली होती. देशाला निःशस्त्र करणे हा अपमान होता, तर ज्यांना मनुस्मृतीच्या काळापासून निःशस्त्र केले त्यांच्या अपमानाची गणती कोण करणार? द्विजांनी धर्मरक्षणासाठी शस्त्र धरावे अशी परवानगी त्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आहे. पहिले परवानापत्रक म्हणायचे तर तेच.

बैठकीतले टाळ्या वाजवणारे तरुण अमेरिकेचे नाव घेत होते. तिथे शस्त्र हा हक्क आहे, तसा इथेही हवा. या तरुणांनी तो इतिहास पुरता वाचावा. ज्यांचे नाव आपण १९७२ साली मुंबईत घेतले, ते ब्लॅक पँथर १९६६ मध्ये ओकलंडला स्वसंरक्षणासाठीच उभे राहिले. कायद्याने तेव्हा उघडपणे बंदूक बाळगता येत होती. काळे लोक भरल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीमागे फिरू लागले आणि १९६७ साली कॅलिफोर्नियाने तो कायदाच बदलला. नव्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. त्याआधी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. हक्क कागदावर सगळ्यांचा होता. आपण पँथर हे नाव घेतले आणि बंदूक घेतली नाही. हे आपले दुबळेपण म्हणणारे आहेत. मला ते शहाणपण वाटते. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या. तेव्हा आपल्यापाशी चार बंदुका असत्या, तर जाळणाऱ्यांना आणि गोळीबाराचा हुकूम देणाऱ्यांना एक निमित्त आयते मिळाले असते. निमित्त नसतानाही ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसे मेली. ती बंदूक सरकारी होती.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली. मारणाऱ्यांपाशी बंदुका नव्हत्या, जमाव होता. तिसरे कलम वापरून गावातले सगळे परवाने रद्द केले असते तरी तो जमाव आला असता. त्या घरात बंदूक असती तर? हा प्रश्न मी टिपणात आवेशाने विचारला होता. आज मी तो विचारणार नाही. त्याचे उत्तर मला माहीत आहे असा आव मी आणला होता, आणि त्या माउलीच्या मृत्यूवर माझे वाक्य सजवले होते.

तरीही बीडच्या त्या पोराचे दोन तास राहतातच. गणवेशातली बंदूक आपली झाली पाहिजे हे खरे, पण ती तालुक्याच्या गावाहून यायला वेळ लागतो, आणि बांधावरची बंदूक बांधावरच असते. त्याच्या वडिलांना परवाना मिळावा काय? मला वाटते, अर्ज करावा. तो नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. ती नोंद कायद्याप्रमाणे व्हावी लागते, आणि नाकारणाऱ्याच्या सहीचा कागदही पुढे उपयोगी पडतो. पण त्याआधी शेजारच्या बंदुकीची फेरतपासणी मागावी, कारण नियमातला क्रमच तसा आहे. शंका घेणारे आणि मी इथपर्यंत एकत्र येऊ शकतो. बंदूक नको म्हणणाऱ्यांनी बांधावरची बंदूकही नको म्हणावे. त्यासाठी आमच्याबरोबर कलेक्टरच्या कचेरीत यावे.

परवा बाईंच्या घरी आम्ही माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहायला बसलो. ग्रामीण भागात परवाने देणारा अधिकारी जिल्हा दंडाधिकारी, म्हणून अर्ज त्यांच्या कचेरीला. तिसऱ्या नियमाखाली जिल्ह्यात कोणती क्षेत्रे ठरवली, किती परवान्यांची तपासणी झाली, किती रद्द झाले, दलित-आदिवासींचे किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, असे प्रश्न. मी अर्जाच्या माथ्यावर 'दलितांच्या सशस्त्र स्वसंरक्षणाबाबत' असे लिहिले होते. बाईंनी चष्मा लावला, लाल पेनने ती ओळ खोडली आणि वर 'नियम ३ च्या अंमलबजावणीबाबत' असे लिहिले. मग म्हणाल्या, "आणि तालुकावार मागा, सर. जिल्ह्याचा एकच आकडा देऊन वाटेला लावतील."